वेदी, व्यासपीठ आणि घंटा

ठाण्यात मासुंदा तलावाकडे फिरावयास जाताना आपण जवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चवरून कितीदा तरी गेलो असू. त्याची परंपरा सोळाव्या शतकातील पोर्तुगीज अमदानीपर्यंत मागे जाते. परंतु अशा जुन्या चर्चच्या आत काय असते आणि ते तसेच का मांडलेले असते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे.

देवळात आपली दृष्टी गाभाऱ्याकडे जाते, तशी चर्चमध्ये ती वेदीकडे जावी, अशी सारी रचना असते. वेदी म्हणजे मुळात मेज. येशूच्या अखेरच्या भोजनाची आठवण तेथे केली जाते. तिच्यामागे कोरीव लाकडाची, सोनेरी मुलाम्याची उंच मखर व तीत संतांच्या मूर्ती. पवित्र भाकरीच्या पेटीजवळ दिवा अखंड तेवतो. आम्हाला तेव्हा नंदादीप आठवतो. बाप्तिस्म्याचे कुंड बहुधा दाराजवळ असे, कारण त्या संस्कारानेच धर्मात प्रवेश होतो. भिंतीलगतच्या उंच व्यासपीठावर लाकडी छत्र असे. ते शोभेसाठी नव्हे. वक्त्याचा आवाज वर न विरता श्रोत्यांकडे परतावा, म्हणून. ध्वनिक्षेपकावाचून व्याख्यान देण्याची ती युक्तीच होय!

१९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तोवर धर्मगुरू वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये उपासना करीत. पुढे ते लोकांकडे तोंड करून लोकभाषेत बोलू लागले. नवी वेदी पुढे आली, जुने व्यासपीठ मुके झाले आणि जगात ठिकठिकाणी जुने लाकूडकाम उतरविले गेले. बदल समजून घेण्याजोगा होता. पण उतरविलेल्या वस्तूंचे काय?

येथे घंटेचे उदाहरण घ्यावे. मराठ्यांनी १७३७ साली ठाणे व १७३९ साली वसई घेतली. त्या मोहिमेतील चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरील घंटेवर १७२१ हे साल आजही दिसते. घंटा टिकली, कारण ती धातूची होती आणि वाजत राहिली. लाकडाला मात्र वाळवी लागते, कोकणचा पाऊस लागतो. अडगळीत टाकलेले कोरीवकाम दोन पावसाळ्यांत मातीमोल होते.

म्हणून आम्हास वाटते, जुनी वस्तू हलविण्यापूर्वी तिचे छायाचित्र व मोजमाप तरी घ्यावे आणि जाणत्या कारागिराला दाखवावे. वेदी एका समाजाची खरी. तिच्यात साठलेला इतिहास साऱ्या ठाण्याचा आहे.