बेअरिंगच्या पाठीवरचा पुरावा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेलं फियाट ११०० घराण्याचं इंजिन पुढे पद्मिनी या गाडीतून मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत वर्षानुवर्षं चाललं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक आणि क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची निवृत्त झाली, पण हौशी मालकांकडची इंजिनं अजून नव्याने बांधली जातात. अशा इंजिनांबाबत एक तक्रार ठरलेली असते: फुल इंजिनकाम झालं, गाडी जेमतेम काही हजार किलोमीटर पळाली आणि खालून ठोका यायला लागला, गरम इंजिनात ऑइलचा दिवा मिणमिणू लागला. मग खालचा ऑइलचा चेंबर उतरवायचा, झिजलेली बेअरिंग भंगारात टाकायची, नवी बसवायची, आणि काही महिन्यांनी पुन्हा तोच ठोका ऐकायचा. माझं म्हणणं असं, की भंगारात गेलेल्या त्या तुकड्यांवरच दुखण्याचं कारण उमटलेलं असतं. ते न वाचता केलेला खर्च वाया जाणार.

चालत्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांचा एकमेकांना स्पर्श होणं अपेक्षितच नाही. मध्ये ऑइलचा थर असतो, जोर पडतो त्या ठिकाणी अवघ्या काही मायक्रॉनचा. जर्नल म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग; ५० मिलिमीटरच्या जर्नलला साधारण ०.०५ मिलिमीटर क्लिअरन्स ठेवतात, आणि अनेक बेअरिंगवरचा मऊ धातूचा थर त्याच्या निम्माही नसतो. एवढ्याशा मापात नुसती हाताची सवय चालत नाही. हा धातूचा थर लवकर गेला, याचा अर्थ ऑइल पोचलं नाही, ऑइलबरोबर कचरा आला, किंवा भूमिती चुकली.

यातलं काय झालं, हे शेल, म्हणजे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे, हातात घेऊन कळतं. शेलवर बारीक ओरखडे आणि रुतलेले कण दिसले तर कचरा. रॉडच्या शेलची एका अर्ध्यात एक कड आणि दुसऱ्यात समोरची कड घासलेली असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला. फक्त काठाची पट्टी चकाकत असेल, तर ग्राइंडिंग करताना जर्नलच्या कोपऱ्याची गोलाई जास्त राहिली. मेन बेअरिंगमध्ये वरचा आणि खालचा दोन्ही अर्धे सारखेच झिजलेले असून मधल्या बेअरिंगला जास्त मार असेल, तर संशय वाकलेल्या क्रँकवर, कारण वाकलेला क्रँक फिरताना चहूबाजूंनी घासतो. एकच अर्धा झिजला असेल, तर ब्लॉकची लाइन, म्हणजे मेन बेअरिंगच्या भोकांची सरळ रेष, गेलेली असते. आता शेल उलटा करा. पाठीवर एखादा चकचकीत ठिपका असेल, तर तिथे बसवताना कचरा राहिला होता. त्याच जागी आतून फुगवटा आला आणि ऑइलचा थर तुटला. अर्धे शेल आपापल्या जागेचा आणि दिशेचा नंबर घालून उतरवले, तरच हे सगळं दिसतं. एकदा डब्यात मिसळले की पुरावा गेला.

कचऱ्यावर माझा विशेष रोष आहे, कारण तो बहुधा दुरुस्तीतूनच येतो. क्रँकमधल्या ऑइलच्या तिरक्या वाटा प्लगने बंद असतात, आणि तिथे जुना गाळ तसेच ग्राइंडिंगची धूळ बसते. वरून डिझेलने धुतलेला क्रँक आतून घाणच राहतो. प्लग काढून ब्रश फिरवल्याशिवाय ती घाण निघत नाही.

यावर काही जण म्हणतात, हल्लीच्या ऑइलमध्ये जस्ताचं प्रमाण घटलंय, म्हणून जुनी इंजिनं झिजतात. ते प्रामुख्याने कॅम आणि टॅपेटला लागू पडतं, जिथे धातू धातूवर घासतो. बेअरिंगला आधार असतो ऑइलच्या थराचा. दुसरा आक्षेप सुट्या भागांच्या दर्जाचा. तो खरा असू शकतो, पण तपासता येतो: शेलचा मऊ थर एकगठ्ठा सोलून निघत असेल, किंवा मायक्रोमीटरवर शेलची जाडी कमी-जास्त भरत असेल, तर दोष मालाचा. जाड ऑइल टाकून प्रेशर वाढवणाऱ्यांना सांगायला हवं, की काट्यावरचं प्रेशर आणि बेअरिंगला मिळणारं ऑइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंड, जाड ऑइलने काटा वर जातो, पण ते बेअरिंगपर्यंत पोचायला उशीर लागतो, आणि पहिल्या स्टार्टच्या त्या क्षणांत नव्याने बांधलेल्या इंजिनाला ऑइलची सर्वांत जास्त गरज असते. म्हणून पहिल्यांदा चालू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, इग्निशन न देता, प्रेशर दिसेपर्यंत इंजिन फिरवावं.