पहाटेचा गारठा आणि मुक्या जिवांची शिल्लक

मार्गशीर्ष-पौषात मराठवाड्याच्या पठारावर उत्तरेचे कोरडे वारे उतरतात. हिंगोली, सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी, वसमत या पाचही तालुक्यांत दुपारचे ऊन सुखद वाटते. पहाटे मात्र पारा कित्येकदा १० अंशांखाली जातो. माणूस रजई ओढून घेतो. गोठ्यातील जनावराला ऊब स्वतःच्या देहातूनच निर्माण करावी लागते.

गाईच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. त्वचेला गारठा जाणवताच मेंदूतील तापमान-नियंत्रणाचे केंद्र सावध होते. काही क्षणांतच अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाची गती वाढते, यकृतात साठविलेली साखर मोकळी होते. पुढील काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढते आणि स्नायूंतील प्रथिनांपासूनही साखर घडविली जाऊ लागते. चरबीतून मेदाम्ले सुटतात. गारठा टिकला, तर अवटू ग्रंथीचे थायरॉक्सिन सर्व पेशींतील ज्वलन वाढविते. जनावराला भरणारे कापरे याच इंधनावर चालते.

व्यापाऱ्याला हा हिशेब सहज उमगेल. आवक तीच आणि खर्च वाढला, की भांडवल मोडावे लागते. दूध घटते, वाढ खुंटते. कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढे राहिले, तर रोगप्रतिकारशक्तीही क्षीण होते. माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की थंडी, जखम, अतिश्रम अशा भिन्न आघातांना शरीर एकाच साच्याचे उत्तर देते. हे ज्ञान मुक्या जिवांच्या वेदनेतून आलेले आहे. त्यांच्याच रक्षणासाठी ते वापरणे, हे किमान ऋणमोचन होय.

धडधाकट, पोटभर चारा मिळालेली लाल कंधारी गाय कोरड्या जागी १० अंशांचा गारठा सहन करते. खरा धोका असतो तो नवजात वासराला, वृद्ध बैलाला आणि पांजरापोळात दाखल झालेल्या हडकुळ्या गुरांना. कारण त्यांच्या गाठीला शिल्लकच नसते. नवजात वासराजवळ ऊब देणाऱ्या तपकिरी चरबीचा अल्पसा साठा असतो. अंग ओले राहिले, तर तो लवकर सरतो. म्हणून वासरू जन्मताच कोरडे पुसावे आणि पहिल्या दोन तासांतच त्याला चीक पाजावा. चिकातून त्याला इंधन मिळते आणि रोगांपासून संरक्षणही.

गोशाळेला देणगी देताना शालींबरोबर आणखी तीन गोष्टींचा विचार व्हावा: कोरडी जमीन, वाऱ्याकडील आडोसा आणि सायंकाळचा कडबा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबताना उष्णता निर्माण होते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे हा श्रावकाचा नियम. गुराच्या पोटातील ही भट्टी मात्र रात्रभर धगधगती असावी लागते. शेकोटीच्या धुराने जनावरे गुदमरतात आणि ज्वाळेत असंख्य कीटक होरपळतात. सोयाबीनच्या कोरड्या भुसकटाचा जाड थर ही दोन्ही हानी टाळतो.

हिंगोलीच्या मोंढ्यात हळद आणि सोयाबीनची रिकामी पोती ढिगांनी पडलेली असतात. दोन पोती उसवून एकत्र शिवली, की वासराची झूल तयार होते. अंगावरची झूल ओली झाली, तर ती लगेच बदलावी; ओले वस्त्र ऊब देण्याऐवजी हिरावून घेते. एवढ्या अल्प खर्चात एका जिवाची रात्र निभावते.