कुत्र्याचा धनी कोण?

आमच्या आखाड्यावर मोती नावाचा कुत्रा आहे. परवापरवापर्यंत त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, कोणत्या दप्तरात नोंद नव्हती. रात्री तो रानडुकरांपासून ज्वारी राखतो आणि बाजारच्या दिवशी दादांच्या मागे थेट भोकरच्या बसस्थानकापर्यंत येतो. "हा कुणाचा?" म्हणून विचारले तर सारे शेजारी आमचे नाव सांगतील, पण कायदा शेजाऱ्यांना विचारत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

इतिहासात याचा बोलका दाखला आहे. मुंबईत भटकी कुत्री मारणाऱ्यास सरकार दर कुत्र्यामागे आठ आणे देत असे. त्या लोभाने माणसे घरची कुत्रीही उचलू लागली. पारशी समाजात कुत्रा पवित्र. ६ जून १८३२ रोजी संतप्त पारशी लोक पोलिसांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. दंगल मोडली गेली, तरी पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचे ठरले. आपले कोणते आणि बेवारस कोणते, हे पकडणाराच ठरवू लागला की काय होते, ते यावरून दिसते.

आता मारण्याचा प्रश्न नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव व रस्त्यावरची असे दोन वर्ग मानले आहेत. पाळीव कुत्र्याची जबाबदारी धन्याची. रस्त्यावरच्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडावे, असा दंडक. परंतु ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके येथील भटकी कुत्री निवाऱ्यात नेण्याचा आणि तेथे परत न सोडण्याचा आदेश दिला. ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा दादा म्हणाले, "मंग मोतीला बाजारला येऊच द्यायचं नाही का?"

दादांची काळजी खोटी नव्हे. खेड्यातला कुत्रा धन्याचा असतो, पण मोकळा असतो. दोन वर्गांपैकी तो कोणत्याच वर्गात नीट बसत नाही. तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी सहसा वाचत नाही, आणि चावा बहुधा लहान मुलांच्या वाट्याला येतो. त्या मुलाच्या आईला आपण "आमचा कुत्रा गरीब आहे" एवढेच सांगून चालणार नाही.

तेव्हा मला वाटते, दोन्हींकडून एकेक पाऊल पडावे. धन्याने दरवर्षी लस टोचून घ्यावी व गळ्यात नाव-गाव लिहिलेला पट्टा बांधावा. नगरपरिषदेने व ग्रामपंचायतीने पकडण्याआधी दवंडी द्यावी, नोंदीची सोय करावी आणि पकडलेल्या कुत्र्याचा धनी आला तर त्याला आपला कुत्रा ओळखून नेण्यास चार दिवसांची मुदत द्यावी.

गेल्या आठवड्यात आम्ही मोतीला लस टोचून आणली. पट्ट्यावर दादांचे नाव मी माझ्या हाताने लिहिले. मोतीला तो अजून सलतो, सारखा मान खाजवतो. पण आता शेजाऱ्यांना न विचारताही त्याचा धनी कळतो.