खाडाखोडीची वही

‘प्रोजेक्ट’ हा शब्द माझ्या आयुष्यात दोनदा आला. पहिल्यांदा बँकेत. कोणी गुऱ्हाळासाठी, कोणी लेथ मशीनसाठी कर्ज मागायला आला की आम्ही त्याला ‘प्रोजेक्ट रिपोर्ट’ आणायला सांगत असू. वस्तू कोणाला हवी आहे, ती करणार कशी, खर्च किती, अडले तर काय, एवढे त्यात असले की पुरे. दुसऱ्यांदा तो नातवंडांच्या दप्तरातून घरात शिरला. हा प्रोजेक्ट रविवारी रात्री साडेनऊला आठवतो. आई कापते, बाबा चिकटवतात, मूल त्यावर नाव घालते आणि शाळा दहापैकी नऊ गुण देते.

खरे तर इंजिनिअर मंडळी ज्याला ‘डिझाइन प्रोसेस’ म्हणतात, ती माझ्या बँकेतल्या रिपोर्टाच्या फार जवळची आहे. गरज ओळखायची, मोजमाप घ्यायचे, कागदावर आकृती काढायची, हाताशी असलेल्या सामानातून वस्तू करायची, ती वापरून बघायची. आणि बहुतेक वेळा ती चालत नाही, म्हणून पुन्हा आकृतीकडे यायचे. आपल्या शाळेत नेमका हा शेवटचा भाग गळतो. उत्तर चुकले की तिथे लाल रेघ येते आणि धडा पुढे सरकतो.

वडगाव निंबाळकरच्या आमच्या भागात उसाला पाणी देणे म्हणजे दारे धरणे. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन बांधावर जागत बसतो. पाणी सरीच्या टोकाला पोचले की नाही, हे पाहायला दाट उसात शिरावे लागते, आणि तिथे पायाखाली काय असेल याचा भरवसा नसतो. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असताना आठवीतल्या एका मुलीने याच दुखण्याला हात घातलेला पाहिला.

तिला आधी वाटले होते, दोन उघड्या तारा सरीच्या टोकाला ठेवल्या की पाणी आल्यावर बेल वाजेल. वाजली नाही. सरीतले पाणी बेलपुरता करंट नेत नाही, हे तिला पुस्तकाने नव्हे, सरीने शिकवले. मग तिने रिकामी बाटली तरंगती ठेवली. पाणी चढले की बाटली वर उचलणार, तिच्यावरची पत्र्याची पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकणार आणि बेल वाजणार. घरच्या बादलीत जमले, शेतात पाचट अडकून बाटली जागची हलेना. तिसऱ्या खेपेला भोके पाडलेला तेलाचा डबा तिच्याभोवती बसवला. पाणी आत आले, पाचट बाहेर राहिले.

‘‘आता पप्पांना उसात शिरायला लागत नाही, सर,’’ ती म्हणाली. वहीत तीन आकृत्या होत्या, दोन खोडलेल्या, आणि खर्चाचा हिशेब. सगळ्यात जास्त पैसे वायरीला गेले होते, म्हणून बेल घरात न लावता बांधावर लावलेली. कर्ज मागायला आलेल्या भल्याभल्यांनी मला इतका स्वच्छ हिशेब दाखवलेला नाही.

माझ्या शेजारचे परीक्षक म्हणाले, ‘‘वही फार खाडाखोडीची आहे.’’ मी माझ्या तक्त्यात तिला पैकीच्या पैकी गुण दिले. बेरजेत पहिला क्रमांक ज्वालामुखीला गेला. तो दुकानातून आणलेला होता, हे सभागृहातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते.

अशा वह्यांना मान देणारी शाळा आपल्याच जिल्ह्यात उभी राहिली, हे पुष्कळांना माहीत नसते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट केलेले अन्नतंत्रज्ञ. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी संपवून ते शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय बांधला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम करण्याचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग. मुलांनी गावाच्या गरजेची कामे मोबदला घेऊन करायची, म्हणजे वस्तू चालली की नाही हे ठरवणार ती घेणारा. ही अट मला फार आवडते. गिऱ्हाईक नऊ गुण देत नाही, वस्तू परत आणून देते. शिक्षकही शक्यतो गावातलाच, स्वतःचा धंदा करणारा कारागीर. कलबाग २००३ मध्ये गेले. काम सुरू आहे.

सरकारही आता जागे आहे. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, सहावी ते बारावीसाठी, शाळेमागे वीस लाखांपर्यंत अनुदान. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे धाडायला सांगितले. पैशाला कमी नाही. पण थ्री-डी प्रिंटर खरेदी करता येतो, तीनदा चुकण्यापुरत्या तासिका खरेदी करता येत नाहीत. त्या गणित-इंग्रजीच्या वेळापत्रकातूनच काढाव्या लागतात, आणि त्याला मुख्याध्यापकाची छाती लागते.

ओळखीच्या एका मुख्याध्यापकांनी परवा तेवढी छाती केली. उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रींना त्यांनी आठवड्यातून एक दुपार शाळेत याल का, म्हणून विचारले. मिस्त्रींनी हातातला चष्मा कपाळावर सरकवला. ‘‘कारखान्याचा हंगाम तोंडावर आलाय, गुरुजी. ट्रॉल्या एकदा बाहेर पडू द्या, मग येतो. पण पोरांना सांगून ठेवा, पहिले दोन महिने नुसता भंगारच होणार.’’