लोकसभा निवडणुका : उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसर

ठाणे जिल्ह्यातील उल्हास खोऱ्यात मध्य रेल्वेमार्गालगत वसलेल्या या तीन नगरांतील संसदीय निवडणुकांचा इतिहास भारतीय प्रौढ मताधिकाराच्या इतिहासाशी एका विशेष कारणाने निगडित आहे. येथील मतदारांचा एक मोठा वर्ग मतदार होण्यापूर्वी निर्वासित होता.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणनजीकच्या, दुसऱ्या महायुद्धकाळात उभारलेल्या लष्करी छावण्यांत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसविण्यात येऊन तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. मतदारयाद्यांचे काम मात्र तत्पूर्वीच, म्हणजे १९४८ मध्ये, संविधान पूर्ण होण्याआधी सुरू झाले होते. ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात किमान १८० दिवसांचे वास्तव्य ही नावनोंदणीची अट होती आणि छावणीत नुकत्याच उतरलेल्या माणसाला ती पुरी करणे अशक्य होते. तेव्हा त्या ठिकाणी कायम राहण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या निर्वासिताचे नाव तात्पुरते नोंदवावे, असे संविधान सभेच्या सचिवालयाने ठरविले. नागरिकत्वाचा निर्णय व्हावयाचा असतानाच मताधिकाराची वाट मोकळी करणारा हा प्रशासकीय निर्णय असाधारण म्हटला पाहिजे. पुढे संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ ही तारीख सीमारेषा मानली व त्यानंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नोंदणी करणे आवश्यक केले.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित पेटी वेगळी असे. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नंतरची. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनकाळात, १९५७ साली, ठाणे मतदारसंघातून कम्युनिस्ट नेते शामराव परुळेकर निवडून आले. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी ठाण्यातून विजयी झाले; १९८० मध्येही त्यांनी जागा राखली. १९८४ मध्ये काँग्रेसचे शांताराम घोलप, १९८९ व १९९१ मध्ये भारतीय जनता पक्षाचे राम कापसे आणि १९९६ ते २००४ या काळातील चारही निवडणुकांत शिवसेनेचे प्रकाश परांजपे विजयी झाले.

२००८ च्या पुनर्रचनेने या परिसराची फाळणी केली, असे म्हणण्यास हरकत नाही. उल्हासनगर व अंबरनाथ (अनुसूचित जातींसाठी राखीव) हे विधानसभा मतदारसंघ नव्या कल्याण लोकसभा मतदारसंघात, तर बदलापूर मुरबाड विधानसभा मतदारसंघाबरोबर भिवंडीत गेले. परिणामी एकाच लोकलने कामावर जाणाऱ्या शेजाऱ्यांचे प्रतिनिधी वेगळे झाले. रेल्वे हा संघसूचीतील विषय असल्याने ही बाब नगण्य नाही. कल्याणमधून २००९ मध्ये आनंद परांजपे, तर २०१४, २०१९ व २०२४ मध्ये श्रीकांत शिंदे निवडून आले. भिवंडीत २००९ मध्ये काँग्रेसचे सुरेश टावरे, त्यानंतर दोनदा भारतीय जनता पक्षाचे कपिल पाटील व २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार गटाचे सुरेश म्हात्रे विजयी झाले.

कल्याणमध्ये मतदान २०१९ साली सुमारे ४५ टक्के व २०२४ साली सुमारे ५० टक्के झाले. याचे खापर केवळ नागरिकांच्या उदासीनतेवर फोडणे योग्य नव्हे. भाड्याची घरे बदलत राहणाऱ्या कुटुंबांची नावे जुन्या पत्त्यावरच राहतात. म्हणजे वास्तव्याच्या पुराव्याचा १९४८ मधील प्रश्न येथे वेगळ्या रूपात शिल्लक आहे.