घराचा मालक आणि घरातील माणसे
(दांडिया बाजारच्या निमित्ताने)

बडोद्यातील दांडिया बाजार व रावपुरा हा मराठी वस्तीचा जुना भाग. गायकवाडांच्या राज्यात कारभार, लष्कर, भिक्षुकी, अध्यापन अशा निमित्तांनी दक्षिणेतून आलेली अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. अशा रस्त्याचा इतिहास लिहावयाचा तर आरंभ कोठून करावा, असे विद्यार्थी विचारतात. आरंभ घरापासूनच करावा. मात्र घराचा इतिहास आणि घरात राहिलेल्या माणसांचा इतिहास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे प्रथमच ध्यानी घ्यावे.

पहिला पुरावा वास्तूचा. रावपुऱ्याच्या परिसरातील तांबेकर वाडा हे त्याचे ठळक उदाहरण. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेले भाऊ तांबेकर यांचे हे निवासस्थान. तेथील भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील चित्रे आहेत. त्यांत पौराणिक प्रसंगांबरोबर मराठे व इंग्रज यांच्या युद्धाचेही चित्रण आढळते. येथे वास्तूच आपल्या धन्याची ओळख सांगते. सामान्य घराला हे भाग्य लाभत नाही.

दुसरा पुरावा कागदाचा. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, घरपट्टीची पावती व सिटी सर्व्हेचा उतारा यांवरून मालकी कोणाकडून कोणाकडे गेली हे कळते. बडोद्यात जुने कागद मोडीत आणि पुढचे गुजरातीत असल्याने अभ्यासकास दोन्ही लिप्या वाचता आल्या पाहिजेत. परंतु हे सर्व कागद मालकाविषयी बोलतात. भाडेकरू, आश्रित व पाहुणा यांच्याविषयी ते बहुधा मौन पाळतात.

या मौनामुळे काय निसटते, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होईल. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानाच्या सेवेत होते. त्यांपैकी काही काळ ते दांडिया बाजारात खासेराव जाधव यांच्या घरी राहत असत. सुरतेच्या काँग्रेसनंतर, १९०८ च्या आरंभी, विष्णु भास्कर लेले यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सरदार मजुमदार यांच्या वाड्यात काही दिवस योगसाधना केली. केवळ मालकीचे उतारे पाहणाऱ्यास जाधव आणि मजुमदार भेटतील, अरविंद भेटणार नाहीत. त्यांचा तेथील वास आपणांस ठाऊक आहे तो आठवणी व चरित्रे यांमुळे.

अरविंदांचे चरित्रकार होते. माडीवरच्या दोन खोल्यांत संसार केलेल्या कारकुनाचा, मास्तरांचा किंवा चार घरी स्वयंपाक करून मुले वाढविणाऱ्या विधवेचा चरित्रकार कोण? त्यांचा माग लागण्याची एक जागा म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केले. त्यामुळे ज्यांच्या नावे वीतभर जमीन नव्हती, अशांच्या मुलामुलींचीही नावे शाळेच्या दप्तरात आली. जन्मस्थान, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण या रकान्यांतून कुटुंब कोठून आले व केव्हा गेले याचा अंदाज बांधता येतो.

तिसरा पुरावा वृद्धांच्या आठवणींचा. त्या ऐकताना सांगणाऱ्याचे वय व सांगितल्याची तारीख नोंदवावी, आणि स्वतः पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते हे वेगळे लिहावे. आठवण आणि कागद जुळत नसतील, तर दोन्ही तसेच नोंदवून ठेवावेत. जुळवून घेण्याची घाई करू नये.

वाडे पाडले जात आहेत आणि तेथे सदनिका उभ्या राहत आहेत. त्यास इलाज नसेल. परंतु वाडा रिकामा करताना माळ्यावरची ट्रंक न उघडताच रद्दीत जाते, त्यास इलाज आहे. ती ट्रंक एकदा उघडून पाहावी. मोडी वाचता येत नसेल, तर वाचणाऱ्यास दाखवावी. आणि शाळेनेही आपली जुनी रजिस्टरे वाळवीपासून जपावीत. या रस्त्यावर घर नसलेल्यांचे घर तेवढेच उरले आहे.