साथीदार हा 'केवळ साधन' असतो का?

मागच्या व्याख्यानात आपण कांटच्या एका वाक्यापाशी थांबलो होतो. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, असं तो सांगतो. यातला 'केवळ' हा शब्द आपण पुष्कळदा विसरतो. साधन तर आपण एकमेकांचं रोजच होतो. रिक्षावाला आपलं होतो, आपण विद्यार्थ्यांचं होतो. खरा प्रश्न 'केवळ'चा आहे. आज तो आपण एका गाण्यावरून पाहू.

गाणं अमेरिकेतलं, 'क्रेझी आर्म्स', साल १९५६. गायक टेक्सासचा रे प्राइस. कंट्री, म्हणजे तिथल्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत रुजलेलं संगीत. 'बिलबोर्ड'च्या कंट्री यादीत हे गाणं २० आठवडे पहिलं होतं. पण गंमत बघा, गाणं सुरू होताना प्राइसचा आवाज येत नाही. आधी फिडल येतं. ते वाजवणारा टॉमी जॅक्सन.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, तारा त्याच चार, रीत वेगळी. नाचाच्या धुनांत फिडलवाले बरेचदा दोन तारा एकदम वाजवतात, त्यानं आवाज भरून राहतो. जॅक्सन त्यातही तरबेज होता. प्राइसच्या गाण्यात मात्र तो एका वेळी एकच सूर ठेवतो, सरळ आणि भरदार. खाली बेस चारही मात्रांवर चालत असतो आणि मध्ये आवाजाला जागा मोकळी राहते. आपल्याकडे ख्यालाला साथ करणारी सारंगी गायकाच्या पाठोपाठ सावलीसारखी जाते. इथे फिडल गायकाची ओळ संपेपर्यंत मागे राहतं आणि दोन ओळींमधल्या जागेत बोलतं. कधी थांबायचं हे कळणं, हाच त्या कामाचा मोठा भाग.

आता व्यवहार पाहू. नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रणाचं सत्र तीन तासांचं असे. तेवढ्यात साधारण चार गाणी करायची. वादकांना त्यांच्या संघटनेनं ठरवलेला दर मिळे. सकाळी एक गायक, दुपारी दुसरा. हँक विल्यम्सच्या १९४८ साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'लव्हसिक ब्लूज'मध्येही फिडल जॅक्सनचंच आहे. तबकडीवर नाव गायकाचं. वादकांची नावं बहुधा नसतच.

कोणी म्हणेल, यात अन्याय काय? पैसे दिले, हिशेब मिटला. सुतारही दारावर आपलं नाव कोरत नाही. आक्षेप बिनतोड वाटतो, पण एक गोष्ट त्यातून सुटते. अशा सत्रात वादकासमोर बहुतेक वेळा लिहिलेली स्वरलिपी नसे. गाणं एकदा ऐकायचं आणि काय वाजवायचं ते तिथेच ठरवायचं. दर मिळाला तो वेळेचा. त्या वेळात घेतलेला निर्णय त्याचा स्वतःचा होता, आणि त्याच निर्णयावरून आज आपण पहिल्या दोन सेकंदांत गाणं ओळखतो.

पुढे १९६७ मध्ये प्राइसनं 'डॅनी बॉय' मोठ्या वाद्यवृंदासह गायलं. जुने चाहते रुसले, फिडल सोडलं म्हणाले. खरं तर व्हायोलिनं आता कितीतरी जास्त होती! मग हरवलं काय? तर एका माणसाचा निर्णय. वाद्यवृंदातला वादक समोरचा कागद वाजवतो. ते काम हलकं नव्हे, पण वेगळं आहे.

म्हणून आम्हाला वाटतं, प्राइसनं जॅक्सनला 'केवळ साधन' मानलं नाही. गाण्याचं दारच त्याला उघडू दिलं. 'केवळ' आलं ते तबकडीवरच्या छापील कागदात, आणि आपल्या ऐकण्यात.

हे दुसऱ्याबद्दल बोलणं सोपं आहे. आमच्या पहिल्या पुस्तकाची मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांनी एका प्रकरणाचा क्रमच बदलून दिला. त्यामुळे युक्तिवाद उभा राहिला. त्यांना ठरलेले पैसे आम्ही दिले. ऋणनिर्देशात त्यांचं नाव मात्र आम्ही घातलं नाही, आणि ते सुचलं तोवर ते गृहस्थ हयात नव्हते.

तेव्हा आज घरी गेल्यावर आवडतं एखादं गाणं लावा. आवाज सुरू होण्याआधी कोण वाजवतंय, ते शोधून काढा. पुढच्या वेळी आपण 'ऋण' या संकल्पनेकडे वळू.